युगांतील सावन दिवसांची संख्या व पोथ्यांची परीक्षा

ज्योतिषाच्या पोथ्यांचीं सुटीं पानें संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. ग्रंथाचें नांव नाहीं, पुष्पिका नाहीं, अशा पानावर एखादी दहा अंकी संख्या शाबूत असेल तर तिची उपेक्षा करूं नये. ४३,२०,००० सौर वर्षांच्या महायुगांत सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, किती हें सिद्धान्तकारास सांगावेंच लागतें. आणि त्यावरून पानाचा पक्ष ओळखतां येतो.

प्रचलित सूर्यसिद्धान्ताची संख्या १५७७९१७८२८, आर्यभटाची १५७७९१७५००. ब्रह्मगुप्त (शके ५५०) व भास्कराचार्य (शके १०७२) हे कल्पाचे दिवस देतात. त्यांचा सहस्रांश १५७७९१६४५०. पहिले सहा अंक सर्वांचे तेच. निर्णय शेवटच्या चारांत आहे. संख्या शब्दांकांत असेल तर हे चार अंक आरंभीं येतात, कारण तेथें गति उजवीकडून डावीकडे असते.

चौथी संख्या विशेष जपण्यासारखी आहे. वराहमिहिरानें पञ्चसिद्धान्तिकेंत ज्या जुन्या सूर्यसिद्धान्ताचें गणित दिलें आहे, त्याच्या वर्षमानाप्रमाणें युगाचे दिवस १५७७९१७८०० होतात. हा अंक पाहून "लेखकाचा प्रमाद" म्हणून समासांत ७८२८ असा शोध घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, अशा दुरुस्तीनें प्राचीन पाठच नाहींसा होतो. जुना व प्रचलित असे दोन सूर्यसिद्धान्त निराळे आहेत हें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं पुण्यास १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ग्रंथांत विस्तारानें दाखविलें आहे.

संख्यांचा स्वभावही हाच भेद सांगतो. युगवर्षें व दिवस यांना साधारण भाजकानें संक्षेप दिला असतां जुन्या सूर्यसिद्धान्तांत ८०० वर्षांचे २९२२०७ दिवस येतात, आर्यपक्षांत ५७६ वर्षांचे २१०३८९, ब्राह्मपक्षांत ३२०० वर्षांचे ११६८८२७. प्रचलित सूर्यसिद्धान्तांत मात्र चारांपलीकडे संक्षेपच होत नाहीं. १०,८०,००० वर्षांखालीं पूर्ण दिवस मिळत नाहींत. अधिक आलेल्या अठ्ठावीस दिवसांचा हा परिणाम. ८०० व २९२२०७ ही जोडी ब्रह्मगुप्ताच्या खण्डखाद्यकांत आहे, आणि ब्रह्मदेश व सयाम येथील जुन्या पंचांगगणितांतही तीच आढळते.

आतां लेखनदोषाची परीक्षा. नवांचा ताळा येथें अपुरा आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बेरीज तीच राहते. शिवाय जुना सूर्यसिद्धान्त व ब्राह्मपक्ष या दोहोंची अंकबेरीज ४५ च आहे. म्हणून अकरांचा ताळा घ्यावा. एकं स्थानापासून एकाआड एक अंक मिळवावे, उरलेल्यांची बेरीज त्यांतून वजा करावी, उणें आल्यास अकरा मिळवावे. प्रचलित सूर्यसिद्धान्तास ३, आर्यभटास ५, जुन्या सूर्यसिद्धान्तास ८ व ब्राह्मपक्षास ० शेष येतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटले, तरी शेष बदलतोच. शब्दांकांत 'अद्रि'चें 'अब्धि' झालें, म्हणजे साताचे चार झाले, तर तेंही यांत सांपडतें.

(देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनीं स्वतःच्या अंकबेरजेनें निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस 'हर्षद' म्हटलें. वरील चारांपैकीं ४५ बेरजेच्या दोन्ही हर्षद आहेत, इतर दोन नाहींत. पोथीपरीक्षेस याचा उपयोग नाहीं, पण नोंदून ठेवण्यासारखें आहे.)

मात्र संख्येवरून पक्ष ठरतो, कर्ता नव्हे. १५७७९१७५०० लल्लाच्या शिष्यधीवृद्धिदांतही आहे. तेवढ्यावरून सूचींत आर्यभटाचें नांव घालूं नये.