चाकामागचं जग – २३ : नमुना पंधरा

टायर रिमोल्डिंगचं पुढच्या खेपेला. शब्द दिला होता, मान्य आहे. पण फलटण तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना.

त्यांचा भाचा बारावी झालेला. दोन वर्षं पिकअप चालवतोय, आता हेवीचं लायसन्स काढायचं म्हणतो. गावाजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने नऊ हजार सांगितले, दुसऱ्या एका लांबच्या स्कूलने बावीस हजार. ‘सर्टिफिकेट दोन्हीकडं एकच मिळतं. मग वरचे तेरा हजार कशाचे?’ असा सरळ सवाल आहे.

सर्टिफिकेट एकच मिळतं, हे खरं. त्याला नमुना ५ म्हणतात आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे स्कूलच्या दाखल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लायसन्स मिळत नाही. दाखला सक्तीचा झाला की दाखल्याचाच बाजार भरतो. काही ठिकाणी गाडी शिकवणं हे दाखल्यावर फुकट मिळणाऱ्या पिशवीसारखं असतं. दिली तर दिली.

म्हणून मी फीचा आकडा ऐकला की आधी भागाकार करतो. फी भागिले स्टिअरिंगवर बसलेले तास. एका गाडीत सहा पोरं, सकाळची दीड तासाची फेरी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. त्यातही गाडी बंद, उस्ताद गावाला गेले, पाऊस आहे, असं होत होत महिन्यात बारा फेऱ्या झाल्या तर भरले तीन तास. नऊ हजार भागिले तीन. तासाला तीन हजार पडले! बावीस हजारवाल्याने खरोखर वीस तास दिले, तर त्याचा तास अकराशेला पडतो. स्वस्त कोण, ते भाच्यालाच ठरवू द्या.

पण वीस तास दिले की नाही, हे कळायचं कसं? इथे माझी आवडती वही येते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलने ठेवायच्या नोंदवह्यांत नमुना १५ नावाची एक वही आहे. कोणत्या शिकाऊने प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली, त्याची ती नोंद. ट्रान्सपोर्टसाठी किमान पंधरा तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग आणि किमान तीस दिवसांचं शिक्षण, असं नियमातच आहे. मी आजवर बऱ्याच स्कूलच्या टेबलासमोर बसून ही वही मागितली आहे. कुठे लगेच पुढ्यात येते, पानं मळलेली, शाई वेगवेगळी, एखाद्या दिवशी सही राहिलेली. अशी वही दिसली की मला बरं वाटतं. एकाच पेनाने, एका बैठकीत, महिनाभराचे तास ओळीने भरलेले दिसले, तर चहा पिऊन उठावं.

वही खोटी असली की काय होतं, ते मी पैसे मोजून शिकलोय. २०११ साली आमच्याकडे एक पोरगा लागला. कागद चोख, पंधरा तासांची नोंद. पहिल्याच दिवशी गोडाऊनच्या फलाटाला गाडी मागे लावायला सांगितली. अर्धा तास पुढे-मागे, पुढे-मागे. क्लच जळाल्याचा वास ऑफिसात आला. क्लचप्लेट, मजुरी आणि तीन दिवस उभी गाडी, मिळून पंचवीस हजारांना बसलं. संध्याकाळी पोरगा म्हणाला, ‘मालक, खरं सांगू? स्टिअरिंगवर मी चारदाच बसलोय.’ त्याला काढला नाही. आमच्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी सहा महिने बसवला. तो जुना ड्रायव्हर स्वतः क्लीनरचा ड्रायव्हर झालेला, शाळा म्हणून कधी बघितली नव्हती.

या उस्तादी परंपरेचा मला अभिमान आहे, पण तिने एक वाईट खोडही पिढ्यान्‌पिढ्या दिली : उताराला गाडी न्यूट्रल मारायची. डिझेल वाचतं म्हणे. नव्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. आणि दहाचाकी गाडी मालासह साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असते. न्यूट्रलला तिला इंजिनची ओढ राहत नाही, सगळा भार लायनरवर. लायनर तापले की ब्रेक दाबूनही धरत नाहीत. त्यात इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका मोठ्या गाडीने चाळीसहून जास्त वाहनं ठोकली. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे जुने लोकही सांगतात. पण सांगणं वेगळं आणि भरलेल्या गाडीत, शेजारी उस्ताद बसवून, तीन-चार वेळा घाट उतरवून घेणं वेगळं. रिकाम्या गाडीवर ते अंगात येत नाही. म्हणून स्कूलला माझा दुसरा प्रश्न हाच असतो : भरल्या गाडीवर किती, आणि घाटात किती?

सिम्युलेटर बघून भुलू नका. तो चांगलाच आहे, पण भागाकारात ते तास धरू नका. २०२१पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था आली. तिथे हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत, आणि पास झाल्यावर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. त्या ३८मध्ये वर्गातले तासही आहेत, हे लक्षात असू द्या.

राहिले ते तेरा हजार. महिन्याला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी चारऐवजी चार पॉइंट दोनचा ॲव्हरेज देऊ लागली, तर साधारण ९५ लिटर डिझेल वाचतं. लिटर नव्वदचा धरला तरी साडेआठ हजार झाले. तेरा हजार दोन महिन्यांत वसूल. फक्त ते मालकाच्या खिशात जातात आणि फी भरतो भाचा. आम्हा गाडीमालकांची ही जुनी लबाडी आहे. चांगला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून रडायचं, आणि शिकवायची वेळ आली की दुसऱ्याच्या खर्चाने शिकून ये म्हणायचं. फलटणच्या मामांनी भाच्याला आधी गाडीमालक शोधायला सांगावं. वर्षभर टिकलास तर अर्धी फी मी देतो, असं म्हणणारे मालक आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

आणि पैसे भरायच्या आधी दोन्ही स्कूलच्या गेटवर एकेक सकाळ उभं राहायला सांगा. गाडी किती वाजता निघते, आत किती पोरं बसतात, एवढं मोजलं तरी पुरे. मग वही मागा.

टायर पुढच्या शनिवारी. बहुतेक.