कोलकात्यातील सुतार पक्षी : निरीक्षण व छायाचित्रण

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या शिबपूर भागात, १७८७ साली स्थापन झालेले विस्तीर्ण वनस्पतिउद्यान आहे. तेथील जुन्या वृक्षांमधून सकाळी 'टक्-टक्' असा आवाज ऐकू येतो. हा आवाज सुतार पक्ष्याचा होय. बंगाली भाषेत त्यास 'काठठोकरा', म्हणजे लाकूड ठोकणारा, असे म्हणतात.

कोलकाता व त्याच्या परिसरात मुख्यत्वे दोन जातींचे सुतार पक्षी दृष्टीस पडतात. त्यांपैकी सोनपाठी सुतार हा सुमारे मैनेपेक्षा मोठा असून त्याची पाठ सोनेरी-पिवळी व कंबर काळी असते. नराचा संपूर्ण माथा तांबडा असतो. मादीच्या कपाळाकडील भाग काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो व फक्त मागील तुरा तांबडा असतो. लिनियस याने १७५८ साली या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा त्यात बंगालचेच नाव घातले. दुसरी जात आकाराने बरीच लहान आहे. तिच्या पाठीवर काळे-पांढरे आडवे पट्टे असून छाती फिकट पिवळसर असते.

झाडाच्या उभ्या खोडावर हा पक्षी सहज चढतो. त्याच्या पायांची पकड घट्ट असते आणि शेपटीची ताठ पिसे खोडास टेकून टेकूचे काम करतात. चोचीने साल फोडल्यावर तो लांब जीभ आत घालून मुंग्या व किड्यांच्या अळ्या बाहेर काढतो. या जिभेला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वळसा घेऊन पुढे येतात. इतके आघात करूनही मेंदूस इजा का होत नाही? कवटी धक्का शोषून घेते, असे दीर्घ काळ मानले जात होते. परंतु अतिवेगवान चित्रीकरणावरून चोच व कवटी एकाच गतीने थांबतात, म्हणजे कवटी धक्का शोषत नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मेंदू आकाराने लहान असल्यामुळेच तो सुरक्षित राहतो. अशा रीतीने कॅमेऱ्याने एक जुना समज दूर केला.

सामान्य निरीक्षकानेही हेच साधन संयमाने वापरावे. सूर्य पाठीशी ठेवावा, फिकट रंगाचे कपडे टाळावेत आणि एका जागी शांत बसावे. पक्षी खोडाच्या आड गेला, तर त्याच्यामागे धावू नये. बहुधा तो थोड्याच वेळात वरच्या बाजूस पुन्हा दिसतो. चोचीचा आघात स्पष्ट टिपण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका अल्प प्रकाशनकाळ आवश्यक ठरतो. छायाचित्राबरोबर दिनांक, वेळ, वृक्षाची जात व पक्ष्याची कृती यांची नोंद करावी. नोंदीवाचून चित्राचे शास्त्रीय मूल्य फार थोडे राहते.

फेब्रुवारी ते जुलै हा या पक्ष्यांच्या विणीचा काळ होय. या दिवसांत ढोलीजवळ जाणे, फांद्या तोडून दृश्य मोकळे करणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावणे किंवा झगझगीत प्रकाश पाडणे, हे सर्व वर्ज्य मानावे. भयभीत झालेले आईबाप पिलांना अन्न देणे थांबवितात आणि एका चित्रापायी संपूर्ण वीण वाया जाते.

ढोलीसाठी वाळलेले किंवा कुजू लागलेले लाकूड या पक्ष्यास सोयीचे असते. त्याने सोडून दिलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट व पिंगळे राहतात. २० मे २०२० रोजी, ऐन विणीच्या काळात, 'अम्फान' चक्रीवादळाने कोलकात्यातील हजारो वृक्ष उन्मळून पाडले. शिबपूरच्या उद्यानाचीही मोठी हानी झाली. नवी रोपे लावली, तरी त्यांच्या खोडात ढोली होण्याइतकी जाडी यावयास कित्येक वर्षे लागतात. म्हणून जेथे रहदारीस धोका नाही, तेथे वाळलेले झाड निरुपयोगी समजून तोडू नये. ते उभे राहिले, तरच त्यावरील पक्षी पुढील पिढीस पाहावयास मिळेल.