डोळ्याचा सौदा : चष्मा काढण्यापूर्वी केंद्राची पारख करा

सूत घ्यायचे तर आपण काउंट विचारतो, धागा ओढून, तोडून बघतो. कापडाचा ताका उलगडल्याशिवाय पैसे मोजत नाही. पण लेसरने चष्म्याचा नंबर काढायचा म्हटले की हाच व्यापारी जाहिरातीतला भाव वाचून मुलाला घेऊन निघतो. कापड खराब निघाले तर परत करता येते. डोळा परत करता येत नाही.

माझा भाचा लूमवर काम करतो. चष्म्यावर रुई बसते, घामाने चष्मा घसरतो, म्हणून त्याने लेसरचा हट्ट धरला. पहिल्या केंद्रात नंबर पाहून दहा मिनिटांत आगाऊ रक्कम मागितली. ‘सवलत आजच्या दिवसापुरती’ असेही सांगितले. मी त्याला उठवून दुसरीकडे नेले. तेथे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, यंत्रावर नकाशा काढला. डॉक्टरसाहेब म्हणाले, “पडद्याचा आकार संशयास्पद आहे. केराटोकोनसची सुरुवात असू शकते. लेसर करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.” पैसे फक्त तपासणीचे घेतले. भाचा नाराज झाला. मी म्हणालो, “बेटा, जो दुकानदार माल द्यायला नाही म्हणतो, त्याचेच ऐकावे.” केराटोकोनसमध्ये हा पडदा पातळ होऊन पुढे येतो. त्यावर लेसर केले तर नजर आणखी बिघडू शकते.

हिशेब समजून घ्या

लेसर या पडद्याचा थोडा भाग काढून त्याला नवा आकार देते. पडद्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लॅसिकमध्ये वरचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खाली दर नंबरमागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन काढतात. खाली किमान 250 मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत. बरेच डॉक्टर त्याहून जास्त ठेवतात. जाडी 480 आणि नंबर उणे 7 असेल तर गुंजाइश फार थोडी उरते. म्हणून नकाशा आणि जाडी न मोजता तारीख देणाऱ्या केंद्रातून सरळ बाहेर या.

काय विचारावे?

1. तपासणी कोण करणार, ऑपरेशन कोण करणार आणि नंतर त्रास झाला तर कोण पाहणार? डॉक्टरांना स्वतः भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

2. पद्धत कोणती आणि माझ्यासाठी तीच का? पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, पण दुखते जास्त आणि भरायला वेळ लागतो. स्माइलमध्ये बारीक छेद असतो. अंगमेहनतीचे काम असेल, डोळ्याला मार लागण्याचा धोका असेल, तर ते आधी सांगा.

3. भाव एका डोळ्याचा की दोन्हींचा? त्यात तपासणी, औषधाचे थेंब, नंतरच्या फेऱ्या आणि गरज पडल्यास पुन्हा लेसर धरले आहे का? कागदावर लिहून घ्या. हप्ते देत असतील तर त्यात व्याज आहे का, तेही पाहा.

4. विमा मिळेल का? 2019 मध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमाप्रमाणे 7.5 पेक्षा कमी नंबरचा खर्च पॉलिसीतून वगळता येतो. आपली पॉलिसी आधी वाचा.

आपली तयारी

वय 18 च्या वर आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या भगिनींनी थांबावे. मधुमेह किंवा डोळ्यांचा कोरडेपणा असेल तर लपवू नका. कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीपूर्वी काही दिवस बंद ठेवावी लागते. किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, डोळा चोळायचा नसतो, धुळीत जायचे नसते. म्हणजे लूमवर लगेच परत जाता येत नाही. रजेचा आणि मजुरीचा हिशेब आधी करा. वजूचे काय करावे हे आपल्या आलिमांना विचारा. ऐन रमजानच्या किंवा सीझनच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो, तो या लेसरने टळत नाही. दूरचा नंबर काढलेल्या माणसालाही पुढे तो लागतो. रफूगर, जरीवाले आणि शिलाई करणाऱ्या बंधूंनी हे नीट लक्षात घ्यावे. उणे नंबरवाले आज चष्मा काढून बारीक टाका घालतात. लेसरनंतर ती सोय जाते.

डोळे ही अल्लाहची अमानत आहे. चष्मा असण्यात काही कमीपणा नाही. करायचेच तर दोन ठिकाणी दाखवा, दोन्ही रिपोर्ट जुळवा आणि घाई करणाऱ्याला सलाम करून परत या.