दात खाणाऱ्यांसाठी चिलखत

झोपेत मूल करकर दात खाऊ लागलं की घरात पहिला संशय जंतांवर जातो, आणि मोठं माणूस खात असेल तर टेन्शनवर. ताणाचा वाटा असतो, जंतांचा मात्र ठामपणे सिद्ध झालेला नाही. दात वरखाली नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासतो, ही दंतवैद्यांचीही जुनी समजूत होती आणि तिच्यापायी अनेकांचे चांगले दात घासून बसवले गेले. आता वेगळं चित्र दिसतं. रात्री झोप क्षणभर विरळ होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच वेळी जबड्याचे स्नायू लयीत आवळू लागतात. उगम मेंदूत आहे. दारू, तंबाखू, उशिराची कॉफी आणि नैराश्यावरची काही औषधं यांनी त्याला जोर चढतो.

मग दातांवर बसवायच्या स्प्लिंटने, म्हणजे नाइट गार्डने, काय साधतं? वरच्या किंवा खालच्या दातांचं माप घेऊन पारदर्शक, कडक ॲक्रिलिकची ही पट्टी बनवतात. ती बसवून रुग्णाला निळा कागद चावायला देतात, उमटलेले ठिपके पाहून उंचवटे घासतात आणि दाब सगळीकडे सारखा पडेपर्यंत हे चालू ठेवतात. काही महिन्यांनी त्याच पट्टीवर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात. त्या खुणा दातांवर पडल्या असत्या. झिजलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही, त्यामुळे एवढं एक काम जरी पट्टीने केलं तरी ती मोलाची आहे. पण दात खाणं ती थांबवत नाही. पहिल्या काही आठवड्यांत ते कमी झाल्यासारखं वाटतं, पुढे बहुधा पूर्ववत होतं.

‘पण पट्टी लावल्यावर दुखणं गेलं,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते खरंच सांगत असतात. मात्र जबड्याचं दुखणं आपोआपही चढतं-उतरतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वर्तनोपचार यांची जोरदार शिफारस आहे, काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाजूने मात्र तिने कौल दिलेला नाही. मग पैसे का घालवायचे? दात झिजत असतील, भरलेली दाढ किंवा कॅप वारंवार फुटत असेल, तर घालवावेत. नुसतं दुखत असेल, तर आधी व्यायाम. आणि दुखण्यासाठी कुणी सगळे दात घासून किंवा कॅप घालून ‘चावा सुधारायला’ निघालं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नये. पट्टी काढून ठेवता येते, घासलेला दात परत येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या रबरी गार्डवरही माझा भरवसा नाही. त्यांचा दाब नेमका बसवता येत नाही. घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी आधी व्हावी, कारण वरच्या दातांवरच्या पट्टीने काहींचा तो त्रास वाढू शकतो.

नागपुरात आणखी एक गोष्ट आधी तपासायला हवी. जबडा उघडत नाही म्हटलं की सांधा बिघडला असं रुग्णाला वाटतं, पण इथे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा दिवसभर गालात असतो. त्यातल्या सुपारीने गालाचं अस्तर पांढुरकं आणि ताठ होत जातं, आत बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात, तिखटाने आग होते. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, तर तो धोक्याचा इशारा समजावा. हा कर्करोगाआधीचा आजार असू शकतो आणि त्यावर स्प्लिंटचा काडीचा उपयोग नाही. खर्रा सोडणं हाच पहिला उपचार. १९६८ पासून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे नाइट गार्ड मागण्याआधी, तोंड किती उघडतं ते मोजून घ्या.