घरचा सर्व्हर, बदलापुरात

सेल्फ-होस्टिंग म्हणजे फोटो, फायली, पासवर्ड परक्या कंपनीच्या क्लाउडवर न ठेवता घरातल्याच यंत्रावर ठेवणे. पडून असलेला लॅपटॉप चालतो. रास्पबेरी पाय २०१२पासून बाजारात आहे.

वीज : ५ वॅटचे यंत्र महिनाभर अखंड चालले तर ३.६ युनिट. खरा खर्च यूपीएसचा. राउटर आणि फायबरचा डबाही त्यालाच जोडायचा. सर्व्हर जागा, राउटर झोपलेला, असे नको.

घरी उघडते, लोकलमध्ये नाही? संशयित पहिला : सीजीनॅट, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरच्या ‘वॅन’ पानावर पाहा. पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येत नाही. मार्ग : स्थिर सार्वजनिक आयपी, आयपीव्ही६, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरमार्गे वायरगार्ड व्हीपीएन (२०२०पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच).

रेड, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती, हा बॅकअप नव्हे. डिस्क बिघडली तर रेड तारते. चुकून पुसलेली फाईल मात्र दोन्ही डिस्कवरून जाते. ३-२-१ नियम : तीन प्रती, दोन माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. जुलै २००५ आणि जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तिसरी प्रत पुण्याच्या मावशीकडे ठेवलेली बरी.

कायदा : गोपनीयता हा मूलभूत हक्क, सर्वोच्च न्यायालय, २४ ऑगस्ट २०१७. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ निव्वळ घरगुती वापराला लागू नाही.