अस्सल, नक्कल आणि मागाहूनची छपाई

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी धुळ्यात पाच कंदील भागात एका जुन्या सामानवाल्याकडून मी लक्ष्मीची तसबीर घेतली. ‘अस्सल रवि वर्मा आहे भाऊ, शंभर वर्षांची,’ असे तो म्हणाला. जळगावला घरी आल्यावर घड्याळजीच्या भिंगातून पाहिले, तर साडीच्या लाल रंगात बारीक ठिपक्यांची फुले एका ओळीत बसलेली दिसली. ऑफसेटची छपाई. चित्र फार तर चाळीस वर्षांचे. फसल्याचे वाईट वाटले, पण नेमके कशात फसलो हे कळायला पुढे बराच काळ गेला.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या पायथ्याशी मळवलीला गेला आणि नंतर थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. छपाई शिळाप्रेसची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने टिपलेले ठिपके, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग. हे ठिपके लहानमोठे व वेडेवाकडे असतात; ऑफसेटचे शिस्तीत असतात. चित्राखालच्या पट्टीत ‘कार्ला’ असेल तर छपाई १८९९ नंतरची, हे उघड आहे.

आता यात ‘अस्सल’ काय? रविवर्मा १९०६ मध्ये वारले. छापखाना त्यानंतरही कित्येक दशके चालला. ते असतानाही दगडावरचे ठिपके बहुतांशी कारागिरांचेच. मागाहूनच्या छपाईत तीन प्रकार संभवतात: त्याच दगडावरून पुन्हा काढलेली प्रत, नव्या दगडावर पुन्हा रेखाटून काढलेली प्रत, आणि छापलेल्या चित्राचा फोटो घेऊन केलेली ऑफसेट प्रत. बाजारात तिन्हींना एकच नाव मिळते.

हा गुंता जपानने आपल्याआधी पाहिला. होकुसाईची प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची. तिथे चित्रकार, लाकूड कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशी चार वेगळी माणसे. मागणी असेतोवर चेरीच्या लाकडाचे तेच ठसे वापरत. ते झिजले की रेषा तुटक येत. विसाव्या शतकात जुन्या चित्रांसाठी नवे ठसे कोरून प्रती काढणाऱ्या संस्था निघाल्या. तोक्योतली अदाची १९२८ पासूनची. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाचे ठसे व चित्रे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाली, तरी त्यांनी काम पुन्हा उभे केले. कागदावरचा प्रकाशकाचा शिक्का काळानुसार बदलत गेला, त्यावरून प्रत केव्हाची हे जाणकार ठरवतात. काही पुनर्मुद्रणांवर एकूण प्रती किती, त्यातली ही कितवी, हेही लिहिलेले असते. अशा उशिराच्या प्रती मुद्दाम जमवणारे लोक आहेत. त्या स्वस्त मिळतात, रंग ताजे असतात, आणि हाताने छापण्याची तीच रीत त्यांत जिवंत राहिलेली असते. प्रत मागाहूनची आहे, हे लपवायचे कारण उरत नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. जुन्या कागदांच्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो: कागद अस्सल की नक्कल? पण नक्कल ठरली म्हणून कोणी कागद फाडत नाही. ती केव्हा केली, कशावरून केली, एवढे लिहून ठेवतो. कित्येकदा अस्सल हरवलेला असतो आणि नक्कलच बोलते.

चित्रांचेही तसेच आहे. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. त्यामुळे उशिराची शिळाछाप प्रतही आता पुरावा आहे. माझ्याकडे जळगावच्या एका पाडलेल्या वाड्यातली सरस्वती आहे. तिच्या काठपदरावर घरातल्या बाईने जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. घरच्यांनी ती ‘ओरिजिनल नाही’ म्हणून रद्दीत काढली होती. पण त्या सुईचे टाके दुसऱ्या कुठल्या प्रतीत सापडायचे?

माझ्या वहीत प्रत्येक चित्रापुढे चार रकाने आहेत: पट्टीतला पत्ता, छपाईची रीत, कागद, आणि ते कुणाच्या घरी कुठे टांगलेले होते. ती पाच कंदीलची लक्ष्मीही वहीत आहे, ‘ऑफसेट, मागाहूनची’ अशा नोंदीसह. चित्राने मला फसवले नव्हते, विकणाऱ्याच्या बोलण्याने फसवले होते.

दिवाळीच्या साफसफाईत जुनी तसबीर निघाली, तर एवढे करा. काच बदलताना फ्रेमवाल्याला खालची पट्टी कापू देऊ नका. पत्ता तिथेच असतो, आणि कापलेला पत्ता पुन्हा मिळत नाही.