डोळ्यांनी भरलेलं डोकं

या रे पोरांनो, असे दिव्याजवळ सरकून बसा. या उजेडात टुणटुण उड्या मारणारे हे हिरवे किडे आधी नीट बघून घ्या, कारण आजची गोष्ट त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही. हे हिरवे तुडतुडे. आपल्या मुलखाच्या एका अंगाला चाकणचे मोटारींचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला मावळची भातखाचरं. त्या खाचरांत भात उभं राहिलं की यांची चंगळ. सोंड खुपसून पानातला रस ओढायचा, आणि जाता जाता टुंग्रोसारखा रोग एका रोपावरून दुसऱ्या रोपावर न्यायचा, हा यांचा धंदा. पण गोष्ट यांची नाही. यांच्यावर डोळा ठेवून असलेल्या एका माशीची आहे, आणि डोळा म्हणजे खरोखरच डोळा, कारण त्या बाईचं सगळं डोकं डोळ्यांनीच भरलेलं असतं.

शास्त्रवाले तिच्या घराण्याला पिपंक्युलिडी म्हणतात. भातातल्या तुडतुड्यांवर जगणारी तिची जात, टोमोस्वारिएला ओरायझेटोरा, असते जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, अंगानं काळपट, बारीक. पण डोकं बघाल तर काडीच्या टोकाला टपोरं बोर खोचल्यासारखं! त्या गोल डोक्याचा जवळजवळ सगळा भाग दोन संयुक्त डोळ्यांनी व्यापलेला. नराचे डोळे तर बहुधा कपाळावर एकमेकांना टेकतात. मादीच्या डोळ्यांतली समोरच्या बाजूची भिंगं बाकीच्यांपेक्षा मोठी असतात. ती मोठी का, ते तिचा उद्योग सांगितला की आपोआप कळेल.

पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी असतात दोन इवल्या दांड्या, उडताना तोल सांभाळायला. तशा त्या सगळ्याच माश्यांना असतात, अगदी ताटावर बसणाऱ्या घरमाशीलाही. पण ही माशी हवेत एका जागी अशी काही तरंगते की किडे गोळा करणारी मंडळी सांगतात, जाळ्यात सापडल्यावरसुद्धा ती कापडाच्या घडीतल्या बोटभर जागेत तरंगतच राहते, बसायचं नाव घेत नाही.

आता मादीचा उद्योग ऐका. भाताच्या पानांमधून ती हळूहळू तरंगत जाते, एकेक पान न्याहाळते. पानाला चिकटून बसलेलं तुडतुड्याचं पिल्लू दिसलं की झडप घालून पायांत पकडते आणि तसंच हवेत उचलते. पोटाच्या टोकाला तिची अंडी घालायची सुई असते, बुडाशी फुगीर आणि पुढे अणकुचीदार, पोटाखाली वळलेली. ती त्या पिल्लाच्या पोटात टोचायची, एक अंडं आत सोडायचं आणि पिल्लू टाकून द्यायचं. हिरव्या पानावरचा हिरवा किडा उडता उडता हेरायचा, म्हणून समोरची ती मोठी भिंगं.

पिल्लू पुन्हा पानावर बसून रस ओढू लागतं, जणू काही घडलंच नाही. पण आत अळी वाढत असते. ती दोन अवस्थांतून जाते आणि शेवटी तुडतुड्याचं जवळजवळ अख्खं पोट व्यापते. असल्या तुडतुड्याचा वंश पुढे चालत नाही. वाढ पुरी झाली की अळी पोट फाडून बाहेर पडते आणि मातीत किंवा पालापाचोळ्यात कोष करते. तुडतुडा मरतो, आणि कोषातून पुन्हा मोठ्या डोक्याची माशी निघते.

आता घराण्याचं सांगतो. लात्रेय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०२ साली यांच्या पिपंक्युलस या प्रजातीला नाव दिलं. आजवर जगभरातल्या सुमारे १४०० जाती नोंदल्या गेल्यात. मावा खाणाऱ्या अळ्यांची ती सिरफिड माशी ठाऊक आहे ना? तीही अशीच तरंगते, म्हणून ही तिची सख्खी बहीण असं लोक पुष्कळ वर्षं धरून चालले होते. पुढे जनुकं तपासली, तेव्हा हिचं नातं घरमाशीच्या गोतावळ्याशी अधिक जवळचं निघालं. जाती ओळखायच्या तर पंखांच्या शिरा बघाव्या लागतात, आणि त्याहून जास्त नराच्या पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.

आपल्याकडच्या या माश्यांची जंत्री एन्रिको ब्रुनेटी नावाच्या माणसानं केली. हा गडी पेशानं वादक. संगीतावर पोट भरायचं आणि उरल्या वेळात माश्या तपासायच्या! ब्रिटिश भारताच्या प्राणीसृष्टीवरच्या ग्रंथमालेत १९२३ साली त्याचा खंड निघाला, आणि त्यात सिरफिड माश्यांच्या जोडीला ही मोठ्या डोक्याची मंडळी आहेत. अशी कामं करणारी सरकारी संस्था, भारतीय प्राणी सर्वेक्षण, १९१६ साली कलकत्त्यात सुरू झाली. तिचं पश्चिम विभागीय केंद्र कुठे आहे माहीत आहे? आपल्या आकुर्डीत! रोज शेकडो लोक त्या बाजूनं कामावर जातात, आणि आत माणसं किड्यामुंग्यांची नावं-गावं लावत बसलेली असतात.

तेव्हा पोरांनो, एक लक्षात ठेवा. भातात तुडतुडे दिसले की पंप पाठीवर घेण्याआधी खाली वाकून पानांमध्ये थोडा वेळ बघा. मोठ्या डोक्याच्या बारीक माश्या तरंगताना दिसल्या, तर फवाऱ्याची घाई करू नका, जाणत्या माणसाला आधी विचारा. औषधाला तुडतुडा कोण आणि तुडतुड्याचा वैरी कोण हे कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं.